आंबलेल्या फळांचा प्राध्यापक

निर्मलावहिनींचा फोन आला तेव्हा मी नाशिकरोडच्या बाजारात चिकू निवडत होते. "अगं, तुझा दादा गेला," त्या म्हणाल्या. मला काही सुधरेना, मी विचारलं, "कुठे?" वहिनी त्याच आवाजात म्हणाल्या, "ते आता कोणाला माहीत? सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि मान टाकली." या गोष्टीला आता दीडेक महिना झाला. त्या 'कुठे'वर दादा किती हसला असता, हे मात्र रोज एकदा तरी मनात येतं.

प्रभाकरदादा माझा आतेभाऊ. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. आयुष्यात त्याने दारूचा थेंब घेतला नाही. खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून मगच घ्यायचा. पण उभी हयात बोलला कशावर, तर दारूवर! पिणं चांगलं की वाईट, यावर नव्हे. माणूस मुळात प्यायला लागलाच कसा, एवढाच त्याचा प्रश्न. आमच्या नाशिकला द्राक्षांची काय वाण नाही, आणि वाइनच्या गप्पा तर आता मुंजीतसुद्धा निघतात. त्यामुळे दादाला विषय काढायला निमित्त शोधावं लागायचं नाही.

माझ्या लेकीला पाहायला मंडळी आली, तेव्हाचा प्रसंग सांगते. पोहे झाले, केळी आली. मुलाच्या वडिलांनी हातातलं केळं जरा जास्तच पिकलंय म्हणून बाजूला ठेवलं आणि दादा पुढे सरसावला. "टाकू नका! लाखो वर्षांपूर्वी आपला पूर्वज झाडावरून खाली उतरला, तेव्हा त्याला जमिनीवर असलीच फळं मिळाली. पिकून पडलेली, आतून आंबलेली. जो ती खाऊन झिंगला, तो जनावराच्या तोंडी गेला. ज्याला पचली तो तगला. तुम्ही-आम्ही सगळे त्या पचवणाऱ्यांचे वंशज!" मी स्वयंपाकघराच्या दारात गार पडले. मुलाचे वडील बराच वेळ केळ्याकडे बघत राहिले आणि मग माझ्या नवऱ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "म्हणजे... तुमच्याकडे पितात का?" लग्न जमलं, हे आमचं नशीब. पुढे हे व्याही दर दिवाळीला दादाशेजारची खुर्ची मागून घेत.

हे वेड आलं कुठून, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी बोलत नसे. दादाचे वडील तात्या सटाण्याकडे शाळामास्तर होते. दिवसा पोरांना पाढे शिकवायचे आणि दिवेलागणीला त्यांचे पाय गुत्त्याकडे वळायचे. गावात त्यांना कोणी मास्तर म्हणेनासं झालं. शाळकरी दादा एकदा चिडून त्यांना वाईट म्हणाला, तेव्हा आत्याने त्याला जवळ घेऊन तिच्या अहिराणीत सांगितलं, "तुना बाप वाईट नई शे." मग वाईट काय आहे, हे आत्याला सांगता आलं नाही. तात्या लवकरच गेले, आणि दादा ते उत्तर माकडांपर्यंत मागे जाऊन शोधत राहिला.

निवृत्तीनंतर त्याने गंगापूर रोडवरच्या फ्लॅटच्या गॅलरीत बरण्या मांडल्या. द्राक्षं, जांभळं, सुरगाण्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आणून दिलेली मोहाची फुलं. फळ आपोआप कसं आंबतं आणि चिलटं वासावर कुठून कुठून येतात, ते त्याला बघायचं होतं. चिलटं आली, आणि त्यांच्यामागून सोसायटीची नोटीसही आली. सेक्रेटरी सोनवणे भर मीटिंगमध्ये कडाडले, "सरांच्या गॅलरीत हातभट्टी चालते!" दादाने उठून शांतपणे माकडापासून सुरुवात केली. शेती सुरू झाल्यावर माणसाने धान्य आंबवलं, मग ते देवाला वाहिलं, इथपर्यंत तो पोचला तोवर निम्मी मीटिंग रंगली होती आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजी 'मोहाची चव कशी असते हो?' असं विचारत होत्या. वहिनींनी कपाळाला हात लावला. बरण्या ठेवायच्या की काढायच्या, हे ठरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनवणे एकटेच दारात उभे राहिले. मी तेव्हा तिथेच होते. मला वाटलं, आता भांडण. पण त्यांचा आवाज पार खाली गेला होता. "सर, मी सोडलीय. घरच्यांशिवाय कोणाला माहीत नाही. पण खालून जाताना तुमच्या गॅलरीचा वास येतो आणि... पाय आपोआप बारकडे वळायला लागतात. मी काय एवढा नालायक आहे का हो?"

दादा गॅलरीत गेला. एकेक बरणी न्हाणीघरात नेऊन रिकामी केली आणि नळ सोडून दिला. त्याची बोटं जांभळाने निळी झाली होती. बाहेर येऊन तो म्हणाला, "नालायक नाही. तो वास ओळखणारं नाक तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीचं आहे. फळाने माणसाला गोडीने ओढलं. पण पुढे माणसं दारू प्यायला एकत्र बसायला लागली, ती सोबतीसाठी. गोडीचं चहात भागेल. सोबतीला मी येतो. कुठली वेळ अवघड जाते?"

"हीच," सोनवणे म्हणाले.

दादाने चपला घातल्या. जिना उतरता उतरता तो एवढंच बोलला, "आमच्या तात्यांनाही हीच वेळ अवघड जायची." त्याच्या तोंडून तात्यांचं नाव मी कित्येक वर्षांनी ऐकलं होतं.

तेव्हापासून दोघे रोज संध्याकाळी फिरायला जात. वाटेत एक परमिट रूम होती. ती दिसायच्या आधीच दादा सोनवण्यांचा दंड धरून रस्ता ओलांडायचा आणि माकडाची गोष्ट मोठ्याने सांगायला लागायचा. समोरचे दुकानदार हसायचे. सोनवणे मात्र पुन्हा प्यायले नाहीत.

परवा संध्याकाळी वहिनींकडे गेले, तर गुडघ्यांचं कारण सांगून वर्षानुवर्षं सोफा न सोडणाऱ्या वहिनी पायात चपला सरकवत होत्या. "सोनवणे भाऊजी खाली थांबलेत," त्या म्हणाल्या. "हे गेले म्हणून त्यांना या वेळेला एकटं सोडायचं का?" मीही निघाले. परमिट रूम जवळ आली तसे सोनवणे सवयीने रस्ता ओलांडायला वळले.

"इकडे कुठे?" वहिनींनी विचारलं.

"सर नेहमी पलीकडून न्यायचे..."

"आणि मग मेथी कोण आणणार? चांगली भाजीवाली याच्या पुढेच बसते." वहिनींनी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि त्या परमिट रूमच्या दारावरून सरळ पुढे चालू लागल्या. सोनवणे क्षणभर थांबले. आतून ग्लासांचा आवाज आला. मग ते झपाझप चालत वहिनींना गाठून म्हणाले, "वहिनी, मेथी की शेपू?"

"शेपू यांना आवडायचा नाही," वहिनी म्हणाल्या. थोडं चालून त्यांनी डोळे पुसले. "घ्या एक जुडी. आता घेऊ."