रिकाम्या कॅमेऱ्यातली आई

मी विज्ञानाची शिक्षिका होते, आता निवृत्त. भूतखेत, करणी... सगळं वर्गात हसून उडवलं. ही एक गोष्ट मात्र उडवता येत नाही, म्हणून लिहितेय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम जिल्हा व्हायचा होता. मी अनसिंगला नववीत. नागपूरहून आलेल्या आमच्या ड्रॉइंगच्या सरांकडे चावीचा, आठ मिलिमीटरचा फिल्म कॅमेरा होता. गॅदरिंगची फिल्म विद्यार्थ्यांनीच काढायची, असं त्यांनी ठरवलं. रीळ एकच मिळणार, म्हणून दिवाळीआधीपासून सराव रिकाम्या कॅमेऱ्यावर. ज्याचा हात पक्का, त्यालाच रीळ. "पोरीचा हात थरथरतेच," पोरं म्हणाली. झालं! मी हट्टालाच पेटले.

सरांची खोली आमच्या घरासमोर. रोज संध्याकाळी कॅमेरा मागून आणायचा, अंगणात मूग पाखडणाऱ्या आईवर रोखायचा, कोपर बरगडीला टेकवून दहापर्यंत मोजायचं. आई तोंडावरचं भूस पुसून हसायची.

"आली काय वं मी त्याच्यात?"

"आई, रीळच नाही त्यात."

"मंग कायले डोळा लावून राह्यली? ...असू दे, तू शीक. मी येईन बराबर."

शेवटी रीळ मलाच मिळालं. जानेवारीत, गॅदरिंगच्या आदल्या दिवशी ते पार्सलने आलं. या रिळाची एक बाजू संपली की ते काढून उलटवायचं, मग दुसरी बाजू. मी नाच झकास टिपले — आणि उलटवायचं विसरले! रिकाम्या कॅमेऱ्याची घरघर ऐकून कान इतके सरावले होते, की काही वेगळं वाटलंच नाही. अख्खा बक्षीस समारंभ मी हवेत काढला.

"उलटवलं कधी तू?" सरांनी विचारलं, आणि मला रडूच फुटलं. दुसरी बाजू कोरी, म्हणजे पडद्यावर नुसता काळोख. मुख्याध्यापकांनी बजावलं, "फिल्म बिघडली असेल तर पुढच्या वेळी कॅमेरा पोरांकडे." सरांनी रीळ स्वतः बांधून मुंबईला धुवायला पाठवलं.

महिन्याने ते आलं. वर्गात पडदा म्हणून चादर लावली. आई मजुरीचा अर्धा दिवस सोडून आली होती. नाच संपले. काळोख... आणि मग आमचं अंगण. हिरव्या साडीतली आई, हातात सूप. भूस पुसून ती माझ्याकडे बघून हसली. चित्र जराही थरथरलं नाही.

सरांनी ते तीनदा चालवलं. ती हिरवी साडी दिवाळीतच फाडून गोधडीला लावली होती. रीळ गावात आलं त्यानंतर दोन महिन्यांनी!

"समारंभ नाही, पण हात पक्का आहे," एवढंच मुख्याध्यापक म्हणाले. कॅमेरा माझ्याकडेच राहिला.

पुढे मी स्टुडिओवाल्यांना विचारलं, पुस्तकं चाळली, हट्टाने कितीदा रिकामा कॅमेरा चालवून पाहिला. पुन्हा काही उमटलं नाही.

नवल वाटलं नाही ते एकट्या आईला. घरी जाताना मी तिला विचारलंच, "आई, तू कशी आलीस गं त्यात?"

"काहून? महिनाभर रोज बसत होती ना मी तुह्यासमोर," ती म्हणाली. "मंग येणार नाही काय?"