पूर्वीची जिजी

राखणदाराने जिजीचं मनगट धरलं तेव्हा तिच्या हातात कानबाई होती.

"माय, वस्तूले हात नको लावू. मंडळी मन्हावर वरडतीन."

"वस्तू नही रे भाऊ. मन्ही कानबाई शे."

तापीकाठच्या आमच्या गावात जिजी माझी शेजारीण. तिचे मालक पुस्तकं लिहीत. लोकांच्या जुन्या पेरणीच्या पाभरी, जाती, पाळणे घरात आणून ठेवत. ते वारले तशी शहरातल्या मंडळींनी पुढचं घर संग्रहालय केलं. जिजी हो म्हणाली आणि मागच्या पडवीत राहायला गेली. देव्हाऱ्यातला नारळही वस्तूंत धरतील, हे तिला कोणी सांगितलं नाही.

कानबाई म्हणजे नारळच, नथ आणि डोळे लावलेला. श्रावणात एका रविवारी बसवायची, दुसऱ्या दिवशी नदीत बुडवून घरी आणायची. नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठीने गहू घ्यायचे. जिजीची दोन्ही पोरं मानमोडीच्या तापात गेली. मग एकट्या मालकांची मूठ राहिली. आता तीही नाही. म्हणून यंदा कानबाई आमच्याकडे बसवायची, पूजेला मी आणि माझा नवरा, असं तिने ठरवलं. कानबाईला न्यायलाच जिजी आणि मी पुढच्या घरात गेलो होतो.

कानबाई ठेवलेल्या कपाटात चिठ्ठी होती. जिजीला वाचता येत नव्हतं, मी चौथी शिकलेली.

"काय लिख्खं शे वं?"

मी वाचलं. पूर्वी या घरात हिची पूजा होत असे.

"पूर्वी म्हंजे कव्हय?"

"आधी. मागे कधीतरी."

"मंग मी कोन शे? मी बी पूर्वी का?"

राखणदाराने नारळ तिच्या हातातून सोडवून घेतला. नथ तिच्या बोटात अडकून राहिली. तीही तिने दिली.

"घाल तिना नाकमां. बोडकं नाक नको ठेवू."

मंडळींना विचारून पाहिलं. ते म्हणाले, आता ती सगळ्यांची आहे. मी म्हटलं, जिजी, नवा नारळ बसवू.

"नवं नारय तुन्हं. मन्हं ते शे."

त्यानंतर कोणी "कशी शेस जिजी?" विचारलं की म्हणायची, "पूर्वी शे." लोक हसायचे. तीही हसायची.

पुढचा श्रावण लागायच्या आत ती गेली. खांदा शेजाऱ्यांनी दिला. चिठ्ठी तशीच राहिली, आणि आता खरी आहे. त्या घरातलं कोणी उरलं नाही. राखणदारही गेला. मी आहे.