भरल्या पानावरून

अप्पा आज पहाटे गेले. उपाशीच गेले.

घशाचा कॅन्सर होता, असं नातेवाइकांत बोललं जातंय. नव्हता. म्हणून लिहितोय.

हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी छातीत फुगली होती. ती अन्ननलिकेवर दाबत होती. गिळलेला घास मध्येच अडकायचा.

हे आम्हाला फार उशिरा कळलं. आधी आम्ही त्यांची कवळी बदलून आणली.

गेल्या उन्हाळ्यात अक्कलकोटला काशीआत्याच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत अप्पा पहिल्या पानावर. आत्या त्यांची धाकटी बहीण, स्वतः वाढत होती.

"अण्णा, अजून एक पोळी. नाही म्हणायचं नाही."

दोन घास खाल्ले असतील. अप्पांनी छातीवर हात ठेवला आणि उठले. मांडवामागे जाऊन सगळं बाहेर काढलं.

आत्याने ते पाहिलंच नाही. पंगतीतूनच ओरडली, "माझ्या दारात भरल्या पानावरून उठलास? एवढं काय चुकलं माझं?"

अप्पा तोंड पुसत मला म्हणाले, "तिला काय सांगू नको. कार्यात आजारपण कशाला."

तेव्हापासून आत्या बोलेना.

पुढे एंडोस्कोपी, सीटी स्कॅन. डॉक्टर म्हणाले, या वयात ऑपरेशन झेपणार नाही. पातळच द्या, ताठ बसवून द्या.

कवळीनेही कडक भाकरी मोडणारा माणूस मिक्सरमधल्या वरणभातावर आला. नंतर तोही जाईना.

मी विचारायचो, आत्याला रिपोर्ट पाठवू का?

"बहिणीला रिपोर्ट दाखवून बोलवायचं व्हय? येईल की ती. लई रागीट हाय, पण येईल."

काल न विचारता मीच फोन केला. सगळं सांगितलं.

आत्याने एवढंच विचारलं, गिळता काय येतं त्याला? मग म्हणाली, "उद्या येते. गव्हाची खीर आणते. गाळून, पातळ करून."

अप्पांना सांगितलं. बऱ्याच दिवसांनी हसले.

"बघ. म्हणलं नव्हतं? उद्या तुझं ते वरण नको मला."

पहाटे ती रक्तवाहिनी फुटली.

आत्या पोचली तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे अप्पांना बसवलं होतं. भस्म लावून, हार घालून, पाठ भिंतीला टेकवून.

तिने डबा त्यांच्यासमोर ठेवला. झाकण काढलं.

"एळू अण्णा. ऊठ की," आधी कानडीत, मग मराठीत म्हणाली. "ऊठ. मी काही बोलणार नाही."

दुपारी माती दिली.

अप्पा, आत्या आली.

शेवटचा नमस्कार.