काचेवरचे बिबडे

पारोळ्यात शादीखान्याशेजारच्या गल्लीत ऊन तापायला लागलं की जरीनाबीची नजर दुसऱ्यांच्या गच्च्यांवर फिरायला लागे. तिचं स्वतःचं घर पत्र्याचं, त्यावर पाय ठेवायची सोय नाही. पण गल्लीतल्या बायका मिळून पापड, शेवया, बिबडे करत, आज हिच्याकडे तर उद्या तिच्याकडे, आणि ते वाळवायची जबाबदारी जरीनाबीची. बाई तोंडाने फटकळ. हात मात्र असा, की ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या कापडावर थापलं की बिबडा सगळीकडून सारखा उतरायचा. त्या हातासाठी गल्ली तिचं तोंडही गोड मानून घेत असे.

या बाईला जगात भीती एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे लाईट जाण्याची. तिचा नवरा हाशम उभा जन्म जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत राबला आणि त्या धुळीने त्याची छाती खाल्ली. आता तो खाटेवर आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन. मशीन चालायचं विजेवर, आणि मे महिन्यात घरोघरी कूलर लागले की गल्लीचा ट्रान्सफॉर्मर रोज संध्याकाळी मान टाकायचा. मग सिलिंडर ओढा, नळी जोडा, कुणाला तरी हाक मारा. लाईट येईपर्यंत जरीनाबीच्या तोंडात घास जात नसे.

म्हणून सरकारी अनुदानाची बातमी आली तेव्हा सगळ्यांत जास्त कान तिने टवकारले. जिथली लाईन सारखी बसते तिथेच एखाद्या छतावर सौर काचा आणि खाली मोठी बॅटरी बसवायची. दिवसा उन्हावर ती भरायची, संध्याकाळी लाईनला टेकू द्यायचा, आणि लाईन गेलीच तर तेवढी गल्ली तगवायची. सरकारी काम, सहा महिने थांब, असं म्हणून लोकांनी आधी चेष्टाच केली. पण शादीखान्याच्या छतावर काचा खरोखरच लागल्या. त्या रोज पुसायचं काम गल्लीने करायचं होतं, आणि ते जरीनाबीने कुणी विचारायच्या आत स्वतःकडे घेतलं. बॅटरी बघायला हाशमचा पुतण्या जुनैद होता, हुशार वायरमन.

त्या उन्हाळ्यात लाईन गेली तरी गल्लीतला दिवा लुकलुकायचासुद्धा नाही. जरीनाबी संध्याकाळी निवांत ओट्यावर बसू लागली. पोटभर जेवू लागली. इतकं सुख झालं की तिला सुखाची सवय झाली, आणि घोळ तिथेच झाला.

एके दिवशी बिबड्यांचं पीठ शिजून तयार, आणि त्या दिवशी जिची पाळी होती त्या शेजारच्या ताईबाईच्या गच्चीवर नेमका लग्नाचा मांडव. जरीनाबी काचा पुसायला वर गेली. काचा स्वच्छ, उताराच्या, तव्यासारख्या तापलेल्या. वाळवणाला याहून चांगली जागा खुद्द सरकारने तरी कुठून आणली असती? बाईने हिशेब केला की कापड पातळ आहे, ऊन भरपूर आहे, बिबड्यांनी घेऊन उरेल ते काचेला मिळेलच. बायकांनी तो हिशेब एकमताने मान्य केला आणि थापलेली कापडं हातोहात वर गेली.

जुनैद त्या दिवशी धुळ्याला गेला होता, हाशमचा एकुलता सिलिंडर भरून आणायला. संध्याकाळी त्याचा फोन आला. त्याच्या मोबाईलवर गल्लीची बॅटरी जेमतेम पाव भरलेली दिसत होती, काचांना काय झालं ते बघा, असं तो म्हणाला. जरीनाबी जिना चढली, कापडं ओरबाडून काढली, पण ऊन उतरलेलं होतं. ती खाली आली तेव्हा गावाची लाईन गेलेली होती. गल्ली बॅटरीवर आली होती, आणि घरोघरचे कूलर आपले घरघरत होते. जुनैदने फोनवरच सांगितलं की कुठेतरी केबल जळाली आहे, दुरुस्तीला वेळ लागेल, आणि कूलर असेच चालले तर बॅटरी तोवर टिकायची नाही. तो स्वतः निघाला होता, पण हायवेवर गाड्या अडकल्या होत्या.

जरीनाबी गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. आयुष्यात कधी खालच्या आवाजात न बोललेली बाई खालच्या आवाजात म्हणाली, "बॅटरी भरली नाही. चूक माझी आहे. काचा मी झाकल्या."

ताईबाई दारातून उठली. "तुना एकलीना नही, बठ्ठासना बिबडा व्हतात तठे," चूक सगळ्यांच्यात वाटून घेत ती म्हणाली आणि आत जाऊन तिने आपला कूलर बंद केला.

मग शेजारचा बंद झाला, त्याच्या पलीकडचा झाला. घरांच्या भट्टीतून लोक खाटा ओढत बाहेर आले आणि पुठ्ठ्यांनी वारा घेत बसले. गल्लीत एकच आवाज उरला, हाशमच्या मशीनचा. जरीनाबी त्याच्या पायाशी बसून तो आवाज ऐकत होती आणि पदराने डोळे पुसत होती. हाशमने डोळे उघडून विचारलं, "मशीन चालू है ना? फिर रोती काय को?"

अंधार पडल्यावर रस्त्यावरचे दिवे लागले. लाईन आली. जरीनाबीचा जीव भांड्यात पडला, पण बाहेर कूलर एकही लागला नाही. ती दारात आली तर सगळी गल्ली घामाने निथळत तिच्याच दाराकडे बघत होती.

"हाशमभाऊ कसा शे?" ताईबाईने विचारलं.

"बरे आहेत," जरीनाबी म्हणाली. ती तडक ताईबाईच्या घरात शिरली आणि तिच्या कूलरचं बटण तिने स्वतःच्या हाताने दाबलं. तेव्हा कुठे गल्लीतली माणसं खाटांवरून उठली.