बारा ते तीन

माझा मामा खाटीक होता आणि भयंकर तापट. एकदा शब्दाने शब्द वाढला आणि त्याने सख्ख्या मेव्हण्याचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, दोन दात पाडले. रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून ढसाढसा रडला आणि स्वतःच स्वतःला शिक्षा लावून घेतली. दर शुक्रवारी बारा ते तीन, प्रभू क्रुसावर होता त्या वेळात, तोंडातून अक्षर काढायचं नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढून तो मागच्या खोलीत क्रुसापुढे बसायचा. एकोणीस वर्षांत त्याने हा नेम मोडला नाही. मामी म्हणायची, "आठवड्यातले तेवढेच तीन तास या घरात सुखाचे."

गोरगरिबांना मटण, कपडे द्यायचा, पण गुपचूप. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळता कामा नये, असं प्रभूनेच सांगून ठेवलंय म्हणायचा. मामीलाही पत्ता लागू द्यायचा नाही. त्यामुळे आपला तपकिरी लोकरी कोट त्याने गल्लीत बाटल्या वेचणाऱ्याला दिला, तेव्हा ते त्या दोघांनाच ठाऊक होतं.

शुक्रवारी भर दुपारी समोरच्या गॅरेजवाल्याने तो कोट ओळखला.

"मामाचा कोट! चोरलास ना, भडव्या?"

पहिली लाथ पोटात बसली. मी दुकानात सुऱ्या धूत होते, आरडाओरडा ऐकून बाहेर आले. तोवर सात-आठ जण बाटलीवाल्याला तुडवत होते. पोतं फुटून काचा रस्ताभर झाल्या होत्या आणि त्या काचांवरूनच त्याला फरफटवत होते. तो ओरडत होता, "त्यांनीच दिला! विचारा त्यांना!" चोराच्या उलट्या बोंबा, असं मलाही वाटलं. हे लिहिताना आजही माझी मलाच लाज वाटते.

मामा मागच्या खोलीतून धावत आला. चेहरा लालबुंद, ओठ घट्ट मिटलेले. त्याने गॅरेजवाल्याची मानगूट धरून त्याला भिंतीवर आपटलं. दुसऱ्याच्या नाकावर असा ठोसा हाणला की रक्ताची धार लागली. लोकांना वाटलं, चोराला स्वतःच्या हाताने बदडायला मामा वाट काढतोय.

"सरका रे, मालकाला मारू द्या!"

दोघांनी बाटलीवाल्याचे हात मागे पिरगाळले आणि त्याला मामापुढे उभा केला. मामाने जोरजोरात मान हलवली. मग कोटाकडे बोट दाखवलं आणि स्वतःची छाती बडवली. मी दिला, असं त्याला सांगायचं होतं.

"बघा! माझाच आहे म्हणतोय!" एक ड्रायव्हर ओरडला आणि हातातला पाना त्याने बाटलीवाल्याच्या तोंडावर हाणला.

तेव्हा कुठे मामाचं तोंड उघडलं. "मी दिलाय! मी दिलाय त्याला, हरामखोरांनो!"

मारणारे एकेक करून सटकले. मामाने बाटलीवाल्याला खांद्यावर टाकलं आणि इस्पितळाकडे पळत सुटला. मी मागून धावत होते. मामाची अख्खी पाठ रक्ताने भिजली होती.

डोळा गेला.

चौथ्या दिवशी आम्ही दोघं त्याला भेटायला गेलो. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती. मामा खाटेपाशी मान खाली घालून उभा राहिला, तर उलट त्यानेच मामाची समजूत घातली.

"मनाला लावून घेऊ नका. एवढ्या लोकांना देता तुम्ही. मला कोट दिल्याचं विसरला असाल."

आयती पळवाट मिळाली होती. मामाने हो म्हणावं असं मला फार वाटत होतं. खोटं तर खोटं.

"विसरलो नव्हतो रे," मामा म्हणाला. "माझं मौन होतं. प्रार्थनेची वेळ होती."

बाटलीवाला उरलेल्या डोळ्याने त्याच्याकडे बघत राहिला.

"देवाने सांगितलं होतं, बोलू नको म्हणून?"

"नाही," मामा म्हणाला. "माझं मीच ठरवलं होतं."