दहा पिक्सेलखालचा म्हसोबा

लोककथांच्या शोधात मी हरसूलपर्यंत पायपीट केली. परंतु गेल्या वर्षभरात किस्से साचले ते एका संगणकासमोर. नाशिकच्या वाढत्या उपनगरांत हिरवळीचे किती तुकडे पडले, हे उपग्रहचित्रांवरून मोजणाऱ्या गटात मी होतो. माझे काम शिवारांची आणि देवस्थानांची नावे सांगण्याचे. रोज तुकडेच पाहायचे. स्वस्थता कुठून लाभणार?

*

गटातला अभियंता केतन एकदा ओरडलाच, "सर, मखमलाबादच्या पलीकडे महिन्याभरात अख्खी कॉलनी उभी राहिली!"

आम्ही धावत गेलो. चित्रात छपरे वाटलेले ते द्राक्षबागेवरचे प्लास्टिकचे आच्छादन होते!

बागवाला म्हणाला, "एवढी घरं माझी असती, तर फवारणी करत बसलो असतो का?"

*

मग सलग उरलेली सर्वांत मोठी हिरवळ शोधली. ती निघाली लग्नाचे लॉन!

तिथल्याच झेंडू पिकवणाऱ्या सुमनताई सोबत होत्या. "गवत लय भारी हाय," त्या म्हणाल्या, "पण फुलपाखराला पत्रिकाच नाय!"

*

सुमनताईंना घोर वेगळाच होता. त्यांच्या म्हसोबाची राई, म्हणजे पाच जुनी झाडे आणि एक शेंदरी दगड, आता एका लेआउटच्या कुंपणात आली होती. आतला रस्ता नेमका तिच्यातून आखलेला. या रस्त्यावरच्या हरकतींच्या सुनावणीत आमचा नकाशा पाहिला जाणार होता, आणि नकाशात राईच नव्हती.

केतन ओशाळला. "ताई, दहा पिक्सेलपेक्षा लहान तुकडा सॉफ्टवेअर गाळून टाकतं."

"तुझ्या दहात बसायला देवानं अजून किती झाडं लावायची रे?"

*

माझ्या आग्रहावरून त्याने मर्यादा खाली आणली. राई उमटली! सोबत रस्त्यांचे दुभाजक आणि गटारांकाठचे गवतही उमटले.

"सर, आता सगळं नाशिकच जंगल झालं!"

दोन्ही नकाशे मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पूर्ण खोटा एकही नव्हता. पण दुसऱ्यात गटारकाठही हिरवळ ठरत होते, म्हणून अखेर पहिलाच पाठवला.

*

सुनावणीत अधिकारी म्हणाले, "नकाशात काही दिसत नाही. तिथे देव आहे, याचा कागद?"

सुमनताईंनी पिशवीतून झेरॉक्स काढली. लेआउटच्या गेटवरचे रजिस्टर! चैत्रात म्हसोबाचा नवा मुखवटा बसवायला गाव वाजतगाजत गेले, तेव्हा वॉचमनने प्रत्येकाची नोंद घेतल्याशिवाय आत सोडले नव्हते. शेवटचे नाव होते, 'म्हसोबा'. 'कोणाकडे?' या रकान्यात 'स्वतःच्या घरी'.

अधिकाऱ्यांनी त्या ओळीवर बोट ठेवले. "बाकी सगळ्यांची बाहेर पडल्याची वेळ आहे. याची?"

"कोरी हाय, साहेब," सुमनताई म्हणाल्या. "तो अजून आतच हाय!"