न भिणारे सावळारामतात्या

कळंबच्या सावळारामतात्यांनी उभ्या जन्मात भीती पाहिली नव्हती. हे मी सांगत नाही, ते स्वतःच सांगायचे. रोज सांगायचे, आम्ही बायका डाळिंबाच्या बागेत वाकून काम करत असताना, आणि ते सावलीत खुर्ची टाकून बसलेले असताना. तरुणपणी माळावर त्यांनी लांडग्याच्या डोळ्याला डोळा भिडवला म्हणे. मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा लांडगा एक होता. आठ वर्षांत त्याचे तीन झाले.

बाग त्यांनी चांगली राखली होती, ते नाकारत नाही. पण दुसऱ्याची भीती दिसली की या माणसाला गोडधोड मिळाल्यासारखं व्हायचं. नवी बाई कामाला आली की तिच्या क्रेटमध्ये रबरी साप ठेवायचा, ही त्यांची रीत. बाई किंचाळली की महिनाभर तिची नक्कल करून दाखवायची.

माझी धाकटी जाऊ करुणा आली तेव्हाही साप ठेवला. ती किंचाळली नाही, पळालीही नाही. क्रेट हातात धरून तशीच उभी राहिली. मी हात लावला तर बोटं लाकडासारखी कडक. दोनेक मिनिटांनी तिचा श्वास सुटला.

“आरं, ही तर पुतळा झाली की!” तात्यांनी मांडीवर थाप मारली. त्या दिवसापासून करुणाचं नाव पुतळा.

करुणाला तिच्या वडिलांनी माहेरी, वरकुट्यात, ट्रॅक्टर चालवायला शिकवलं होतं. तात्यांचा ड्रायव्हर सूरज कारखान्यावर लागला आणि जागा मोकळी झाली. करुणाची कंबर बाळंतपणापासून धरलेली. दिवसभर वाकण्यापेक्षा ट्रॅक्टरवर बसून फवारणी करणं तिला जमणार होतं, आणि हौसही होती. तिनं स्वतः जाऊन विचारलं.

“तुझ्या हातात ट्रॅक्टर?” तात्या म्हणाले. “म्होरं बांध आला तर तू पुतळा होशील. मग बांधाला कोन सांगंल, बाबा सरक म्हनून?”

बायकाही हसल्या. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू.

माझं शिक्षण दहावी. पण एवढं मला कळतं, की भ्यायचं कसं हे अंग आपल्याला विचारत नाही. कुणाचे पाय सुटतात, कुणाचे धरतात, कुणाच्या पोटात कळ येते. त्यात शहाणपण नाही आणि पापही नाही. तात्यांना मात्र ते सगळं बायकी वाटायचं.

कळी सुटली की बागेत मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणून ठेवतात, फळधारणा चांगली होते. त्या वर्षी पेट्यावाला बजावून गेला होता, की ढगाळ दिवशी पेटीला हात लावू नका, माश्या चिडक्या असतात. तर तात्यांनी नेमका ढगाळ दिवस गाठला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौदाजणी बसलो होतो.

“माशी घाम वळखती,” तात्या म्हणाले. “भेनाऱ्यालाच चावती. बघा, दावतो.”

“तात्या, नगा,” मी म्हणाले. “तो सांगून गेलाय.”

“तो पोटासाठी सांगतो गं. तू खा तुझी भाकर.”

आणि उघड्या हातांनी झाकण उचललं. वर दोन टिचक्याही मारल्या.

पुढचं मला सलग आठवत नाही. काळा धूर उठावा तशा माश्या उठल्या. मी पळाले. तोंडात बुद्धवंदना होती, पण बुद्ध, धम्म, संघ, सगळं उलटसुलट. पाय कुणाचे पळतायत तेही कळेना. करुणाला मी मागं सोडलं, हे मला बांधावर पोचल्यावर कळलं.

आमच्या सगळ्यांच्या पुढं होते तात्या. धोतराचा सोगा सुटलेला, तोंडानं “आयोऽ आयोऽ”. सत्तरीतला माणूस असा पळतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. ते सरळ शेततळ्यात गेले, धप्पकन.

शेततळ्याला खाली प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ. आत जाता येतं, वर येता येत नाही. काठाला दोर बांधून ठेवतात तो याचसाठी. तात्यांनी तो मागच्या आठवड्यात ताडपत्री आवळायला सोडून नेला होता. पोहता येत होतं, पण काठाला हात लावला की घसरून पुन्हा मध्ये. डोकं वर काढलं की माश्या.

करुणा पेटीपासून दहा पावलांवर उभी होती. पदर तोंडावर, अंग ताठ. माश्या तिच्या पाठीवर बसल्या, चालल्या, उडून गेल्या. हलणाऱ्यांच्या मागं लागल्या, तिला विसरल्या. दोन डंख, बस.

माश्या विरळ झाल्या तसे तिचे पाय सुटले. फवारणीचा ट्रॅक्टर बागेच्या तोंडाला होता, किल्ली त्यालाच. ती चढली, तो तळ्याच्या भरावावर घेतला, फवाऱ्याची जाड नळी पाण्यात फेकली.

“धरा, तात्या!”

“न्हाय धरवत गं…”

“कमरंला गुंडाळा! दोन येढं! बोलू नगा!”

तिनं गिअर टाकला आणि इंच इंच करत ट्रॅक्टर मागं घेतला. तात्या कागदावरून पोटावर घसरत वर आले. धोतर तळ्यातच राहिलं. आम्ही तोंड फिरवलं. कुणी हसलं नाही. हसू आम्हाला येत होतं, पण ते शोभत नव्हतं. ट्रॅक्टरवरून उतरताच करुणा खाली बसली, ती अर्धा तास उठली नाही.

दवाखान्यातून आणल्यावर दोन दिवसांनी आम्ही दोघी भेटायला गेलो. तात्यांचं तोंड भोपळ्याएवढं. भोवती चार माणसं बसलेली आणि तात्या सांगत होते,

“माश्या बायकांकडं निघाल्या. म्हटलं, मी पान्यात उडी मारतो, म्हंजी माज्याकडं येतील.”

लोकांनी माना डोलावल्या. माझी जीभ वळवळली. करुणानं माझा हात दाबला.

“तात्या,” ती म्हणाली, “फवारनीला कोन हाय उद्यापास्नं?”

आम्ही चौदाजणींनी सगळं पाहिलंय, हे तात्यांनाही माहीत होतं. त्यांच्या पत्नी सिंधुबाईच बोलल्या.

“तीच हाय. दुसरं कोन?”

“बघू,” तात्या म्हणाले.

“बघितलंय समद्यांनी,” सिंधुबाई म्हणाल्या आणि किल्ली करुणाच्या हातात ठेवली.

करुणाला त्या ट्रॅक्टरवर आता दुसरं वर्ष आहे. अजूनही मोठा आवाज झाला की क्षणभर ती थिजते, मग हलते. बागेत पाहुणे आले की सावळारामतात्या खुर्चीवरून तिच्याकडं काठी दाखवतात आणि सांगतात, “लय भित्री होती. मीच शिकवलं.”